चंदेरीच्या गुहेतला शेजार

चंदेरीच्या डोंगरातल्या गुहेत आठ-दहा माणसं आडवी होऊ शकतात. थंडीतल्या शनिवारी तिथे किती येतील, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. गुहेला दार नाही, नोंदवही नाही, राखणदार नाही. पायथ्याच्या चिंचवलीतून चढायला लागलेला प्रत्येक जण वर जागा असणार असं धरून निघतो आणि बहुतेक वेळा त्याला ती मिळते. कारण आधी पोचलेले लोक काही कामं करून ठेवतात आणि मागून आलेले काही कामं अंगावर घेतात. कोणती, ते कुठे लिहिलेलं नाही. बाकीचे चंदेरीला सुळक्यासाठी जातात. मी बऱ्याचदा गुहेतली संध्याकाळ बघायला जाते.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताची खिडकी मिळाली की अंबरनाथपासून डोंगर सोबतीला येतात. आधी मलंगगड, मग तावली, आणि बदलापूर सुटल्यावर चंदेरी-म्हैसमाळची जोडी. माथेरानपासून मलंगगडापर्यंत गेलेल्या या रांगेत चंदेरीचा सुळका लांबूनही चुकत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची लाखो माणसं रोज लोकलच्या दारातून तो बघतात. त्यातली थोडी एखाद्या शनिवारी दुपारी पाठीवर सॅक घेऊन बदलापूरला किंवा वांगणीला उतरतात.

सॅक नवी असलीच पाहिजे असं नाही. उल्हासनगरात कॅम्प पाचला जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. जाड कापडाला टीप घालणारी त्यांची मशीन सॅकचा तुटलेला पट्टाही सहज शिवून देते. चेन बदलून घ्यावी, बक्कल लावून घ्यावं, पुढची काही वर्षं काळजी नाही. भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, जड सामान पाठीला लागून, पाणी हाताशी, टॉर्च अगदी वरच्या खणात. कॅरिमॅट बाहेर बांधतात, पण घळीतल्या झाडोऱ्यात ती अडकते, म्हणून उभी बांधायची. हे सगळं पाहून गुहेतले लोक नव्या माणसाला न विचारता ओळखतात. ज्याची टॉर्च तळाशी गेली आहे, त्याच्यासाठी कुणीतरी आपला उजेड धरून उभं राहतं.

चिंचवलीपासून गुहेपर्यंत दोन-अडीच तास लागतात. सुरुवातीचं रान सोपं आहे. खरी चढण चंदेरी आणि म्हैसमाळ यांच्यामधल्या घळीत आहे. सगळी घळ सुट्या दगडधोंड्यांची आणि वरच्या भागात घसारा. इथे माणसाचं पहिलं नातं आवाजाचं असतं. पायाखालून दगड सुटला की सोडणारा ओरडतो, "दगड!" खालचा मान वर न करता कातळाला चिकटतो. वरच्याचं नाव, गाव, चेहरा खालच्याला ठाऊक नसतो, तरी तो त्या हाकेवर जीव सोपवतो. दोन वेगळे गट घळीत एकाच वेळी असले तर मधलं अंतर किती ठेवायचं, आधी कुणी चढायचं, हे खालून वर ओरडूनच ठरतं. गुहेत पोचेपर्यंत या अनोळखी आवाजांची ओळख झालेली असते.

गुहेच्या तोंडाशी आलेल्याला पहिला प्रश्न ठरलेला, "किती जण?" नाव नंतर, गाव त्याहून नंतर. आकडा कळला की आधीचे लोक आपल्या सॅक उचलून भिंतीकडे सरकवतात. पसरलेल्या कॅरिमॅट एकमेकींवर चढतात. बूट बाहेर, कारण आत शंकराची पिंड आहे आणि झोपायची जागाही तीच. पिंडीभोवतीची जागा मोकळी ठेवून उरलेल्या जमिनीची वाटणी होते. सपाट भाग कमी आणि उताराचा जास्त, म्हणून वयस्कर माणूस, लहान मूल किंवा पाय मुरगळलेला कुणी असेल तर सपाट जागा त्यांना. हे सांगावं लागत नाही. एखाद्या तरुणाला नाही कळलं, तर कुणी काकू म्हणते, "बाळा, इकडे ये, ती जागा आजोबांना राहू दे," आणि तो लगेच उठतो.

नंतर पाणी. गुहेजवळचं टाकं हाच सगळ्यांचा साठा. त्यात हात, ताट, तोंड लावलेली बाटली बुडवायची नाही. एकाच भांड्याने काढायचं, कापडातून गाळायचं, भांडी लांब नेऊन घासायची. उन्हाळा जवळ आला की टाक्यावर भिस्त ठेवता येत नाही, आपापलं पाणी खालून घेऊन चढावं लागतं आणि मग वरचा घोटन्‌घोट मोजून वाटला जातो. पाण्याच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. टाक्यावर साबण दिसला की सरळ बोलते. हे पाणी उद्या चढून येणाऱ्याचं आहे.

तुळजाभवानीच्या किंवा पंढरीच्या वाटेवर धर्मशाळा असते, तिला दाते असतात, फलक असतो. डोंगरातल्या मुक्कामाचा दाता शोधायचा तर फार मागे जावं लागतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या माणसांची दानं नोंदलेली आहेत आणि त्यांत एका सोनाराने दिलेलं पाण्याचं टाकं आहे. प्राचीन काळी उल्हास नदीच्या खाडीवरचं कल्याण हे बंदर होतं. तिथला एक कारागीर आपली कमाई डोंगरातल्या पाण्यावर खर्च करतो आणि ते पाणी पिणारा त्याला कधीच भेटणार नसतो. चंदेरीचं टाकं कुणी खोदलं याचा लेख नाही, पण ते खोदणाऱ्या छिन्नीचे घाव कातळात आहेत आणि भांडं भरताना मला त्या सोनाराची आठवण येते.

एका डिसेंबरातली संध्याकाळ सांगते, कारण त्या दिवशी गुहेत जमलेली माणसं एरवी एका खोलीत आली नसती. अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणारी चार पोरं, उल्हासनगर कॅम्प चारचे साठी ओलांडलेले एक सिंधी गृहस्थ, ज्यांना आम्ही साई म्हणत होतो, ठाण्याचं एक जोडपं, आणि बदलापूरची एक मुलगी, आपल्या मामेभावाला घेऊन आलेली. मुलगी नुकतीच ब्राझीलमध्ये दोन महिने पाठीवर सॅक घेऊन हिंडून आली होती. हे तिने स्वतःहून सांगितलं नाही. साईंनी तिच्या सॅकला लटकवलेलं छोटं कुलूप पाहून विचारलं, "बेटा, डोंगरात कुलूप कशाला?" तेव्हा कळलं.

तिकडे हॉस्टेलमध्ये एका खोलीत आठ-दहा पलंग, एकावर एक. सामानाला लोखंडी कपाट मिळतं, कुलूप आपलं आपण आणायचं. स्वयंपाकघर सगळ्यांचं. फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक डब्यावर नाव आणि निघायची तारीख लिहायची. आणि एक फळी अशी असते की तिच्यावरचं कुणाचंच नसतं. पुढच्या गावी निघालेला माणूस उरलेला तांदूळ, पास्ता, अर्धी बाटली तेल, मिठाची पुडी तिथे ठेवून जातो. "माझे पहिले चार दिवस त्या फळीवर निघाले," ती म्हणाली. आपल्यासारख्यांना तिथे भात आणि घेवड्याची उसळ जवळजवळ कुठेही मिळते, एवढाच दिलासा. निघण्याआधी पीतज्वराची लस घ्यावी लागली, कारण ब्राझीलहून परतणाऱ्याकडे ते प्रमाणपत्र नसेल तर आपल्याकडचे अधिकारी विमानतळावर अडवतात. ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली असावी लागते.

ठाण्याच्या बाईंचा शनिवारचा उपास होता. त्यांनी डब्यात भिजवलेला साबुदाणा आणला होता. चुलीवर तूप-जिरं तडतडलं तशी मुलगी उठून बसली. तिकडच्या साल्वादोर शहरात रस्त्यावर तिने याच कंदाचा पदार्थ रोज खाल्ला होता. ओलसर पीठ चाळून गरम तव्यावर पसरायचं, ते आपोआप धरतं आणि घावनासारखं सुटून येतं. मग आत खोबरं, चीज. ज्या कसाव्याच्या कंदापासून तमिळनाडूत सेलमला साबुदाणा बनतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच. आपल्या उपासाच्या ताटातले साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची सगळेच समुद्रापलीकडून आले. कोकणातला काजू तर पोर्तुगिजांनी ब्राझीलहूनच आणला. बाईंनी हे ऐकून तिला दोन डाव खिचडी जास्त वाढली.

साईंनी कोकी काढल्या. कांदा, मिरची, अनारदाणा घालून घट्ट मळलेल्या कणकेच्या या जाड सिंधी पोळ्या दोनदा भाजतात, म्हणून दोन दिवस टिकतात. डोंगरासाठी यापेक्षा चांगला डबा मला माहीत नाही. अंबरनाथच्या पोरांची खिचडी होती, डाळ-तांदळाची, बटाटे न सोलता घातलेली. ठाण्याचे काका पापड भाजत होते. कुणाचं किती हा हिशेब पहिल्या पाच मिनिटांत सुटला. चूल पेटवणं मात्र मला पटत नाही. थंडीत गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी वणव्याला पुरते आणि सरपणासाठी उभं झाड तोडणारे लोक मी पाहिले आहेत. छोटा गॅस पुरतो. त्या दिवशी चूल गुहेच्या तोंडाशी जुन्या राखेच्याच जागी लागली, सरपण पडलेल्या फांद्यांचं होतं आणि झोपण्याआधी पोरांनी राखेवर पाणी मारून ती हाताने चाचपली, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन.

जेवणं झाल्यावर मुलीने शापादा दियामांतिना या डोंगराळ मुलखाबद्दल सांगितलं आणि मला तो सगळा प्रवास तिथेच समजला. साल्वादोरहून बसने रात्रभर आत गेलं की लेंसॉइस नावाचं जुनं खाणगाव लागतं. एकोणिसाव्या शतकात हिऱ्यांसाठी माणसं तिकडे लोटली. हिरे सरले तशी पांगली. 1985 मध्ये तो डोंगराळ मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. त्यातल्या पाती नावाच्या दरीत चार-पाच दिवस चालायचं असतं आणि वाटेत हॉटेल नाही. दरीत राहणारी थोडी कुटुंबं आपल्याच घरात पाहुण्यांना झोपवतात, जेवू घालतात. किराणा खेचरांवरून येतो. एकाच पडवीत फ्रेंच, अर्जेंटिनाचे, साओ पाउलोचे लोक आणि ही बदलापूरची. भाषा कुणाचीच जुळत नव्हती. पण उद्याची वाट, पाणी कुठे, ओढ्याला लोंढा आहे का, एवढ्यावर संध्याकाळभर बोलणं चाले.

"म्हणजे आपलं चिंचवलीच की," अंबरनाथचा एक पोरगा म्हणाला. त्याचं म्हणणं खरं आहे. सह्याद्रीत पायथ्याच्या गावांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. मारुतीचं देऊळ, शाळेची पडवी, कुणाच्या तरी घराची ओसरी. मावशीला सांगून ठेवलं की उतरल्यावर भाकरी, पिठलं, ठेचा तयार असतो. पैसे द्यायचेच, घासाघीस करणाऱ्यांचा मला राग येतो. त्या घरातलं सरपण आणि पाणी दोन्ही बायकांच्या डोक्यावरून आलेलं असतं.

शाळेच्या पडवीवरून मला रिचर्ड शिरमान आठवला आणि मी सगळ्यांना त्याची गोष्ट सांगितली. हा जर्मन शाळामास्तर मुलांना घेऊन पायी हिंडायचा. 1909 च्या ऑगस्टमध्ये वाटेत मोठं वादळ झालं आणि या सगळ्यांनी एका गावच्या शाळेत, शेतकऱ्याने दिलेल्या पेंढ्यावर रात्र काढली. मुलं झोपली, मास्तर जागा राहिला आणि विचार करत बसला, की सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्या असतात, तिथे पायी हिंडणाऱ्या मुलांना का झोपू देऊ नये? त्यातून 1912 मध्ये आल्टेना इथल्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल उभं राहिलं. जगभरच्या हॉस्टेलांची सुरुवात एका शाळेत आणि एका किल्ल्यात झाली, हे ऐकून पोरांनी गुहेच्या छताकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

साई मात्र गप्प होते. थोड्या वेळाने बोलले ते बराकीबद्दल. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्या बराकींमध्ये ठेवलं. जवळजवळ एक लाख माणसं. 1949 मध्ये गावाला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता आजही कॅम्प नंबरानेच सांगतात. साईंचे वडील सक्करहून आले होते. लांबच लांब बराक, मधे भिंती नाहीत. गोणपाट आणि चादरी टांगून एकेका कुटुंबाने आपली हद्द आखली. पलीकडचं मूल रडलं की अलीकडची आई उठायची. नळ एक, त्यावर रांग. रांगेत भांडणं व्हायची आणि त्याच रांगेत लग्नंही ठरली. "इथे तुम्ही एक रात्र काढता," ते म्हणाले, "आमची माणसं वर्षानुवर्षं तशी राहिली. पण वडील सांगायचे, पहिल्या दिवशी ज्याने चादर बांधायला दोरी दिली, तो मरेपर्यंत भाऊ." त्यांनी हे फार साधेपणाने सांगितलं. हौसेने अनोळखी माणसांत जाऊन झोपणं आणि घर गेल्यामुळे झोपावं लागणं यांत अंतर आहे, ते त्या बोलण्यानंतर गुहेत कुणी विसरलं नाही. ब्राझील हिंडून आलेल्या मुलीने त्यांना बराकीबद्दल खूप प्रश्न विचारले. स्वतःच्या प्रवासाबद्दल ती त्या रात्री पुन्हा बोलली नाही.

झोपायची रचना अशी, डोकी भिंतीकडे, पाय तोंडाकडे. बायका एका कडेला आणि त्यांच्यालगत कुटुंबातला माणूस. एकट्या आलेल्या मुलीला मी किंवा माझ्यासारखी कुणी विचारते, "ताई, माझ्या बाजूला येतेस?" हा प्रश्न विचारणं मी कर्तव्य समजते. डोंगरात मुलींनी निर्धास्त झोपावं यासाठी नुसती चांगली माणसं असून भागत नाही. कुणीतरी तोंडाने विचारावं लागतं. रात्री बाहेर जायचं तर टॉर्च जमिनीकडे धरायची, झोपलेल्याच्या डोळ्यांवर नाही, आणि एकट्याने जायचं नाही, कारण गुहेपुढे फार जागा नाही आणि पुढे दरी आहे.

साडेअकराला खालून शिट्टी आली. आणखी पाच जण, वाट चुकून उशीर झालेले. गुहा तोवर भरलेली. अंबरनाथची पोरं उठली, आपल्या कॅरिमॅट उचलून तोंडाशी उघड्यावर नेल्या, कानटोप्या ओढल्या. आलेल्यांपैकी एकीला थंडी वाजत होती. तिला आत, पिंडीच्या मागच्या कोपऱ्यात, वारा लागत नाही तिथे घेतलं. उरलेली खिचडी गरम केली. पंधरा मिनिटांत पुन्हा सगळे आडवे.

दर वेळी असं होत नाही. समाजमाध्यमांवर जाहिरात करून पन्नास-साठ माणसं एकदम वर नेणारे आयोजक आले की हे सगळं कोलमडतं. पन्नास माणसांचा गट कुणाला "किती जण?" असं विचारत नाही. त्यांच्याबरोबर स्पीकर येतो, कागदी ताटल्या येतात, टाक्याशी प्लास्टिक उरतं. अशा आयोजकांनी गुहेचा मुक्काम सोडावा आणि गावात राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गावाला चार पैसे मिळतील आणि टाकंही वाचेल. गुहेत उरलेलं अन्न ठेवून जाण्याची जुनी पद्धतही आता बंद व्हायला हवी. माकडं आणि उंदीर पिशव्या फोडतात आणि ब्राझीलच्या त्या फळीला जशी रोज पुसणारी व्यक्ती असते तशी इथे नाही. मागे ठेवायचंच तर झाडलेली जमीन ठेवावी.

सकाळी सुळक्याची चढाई. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना खोल, कातळाचे टप्पे हाता-पायांनी चढायचे. पावसाळ्यात आणि एकट्याने तिकडे जाऊच नये. ठाण्याचं जोडपं आणि साई खालीच थांबले. पोरांकडे दोर होता, रात्री आलेल्यांपैकी एक जण गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलेला निघाला. त्याने दोर लावला आणि कोण कुठल्या गटाचा हे न बघता प्रत्येकाची गाठ स्वतः ओढून तपासली. वरून माथेरान, प्रबळ, पलीकडे भीमाशंकरची रांग, आणि खाली उल्हास नदी, तिच्या काठाने रुळांची रेघ. मामेभावाला बदलापुरातली आपली इमारत सापडली आणि त्याने सगळ्यांना ती बोटाने दाखवली.

परत येईपर्यंत साईंनी पळसाच्या फांदीचा झाडू करून गुहा झाडली होती. कचरा दोन पिशव्यांत भरला. एक आमच्या सॅकला, एक रात्री आलेल्यांच्या. मुलीने साईंचा नंबर घेतला. तिला त्यांच्या बराकीची जागा बघायची होती आणि त्यांना लेंसॉइसचे फोटो. आम्ही घळीत उतरायला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. खालून तिघं येत होते, पाठीवर कोऱ्या सॅक, श्वास फुललेला. आम्ही कडेला झालो. पुढच्याने मान वर करून विचारलं, "दादा, वर पाणी आहे का?"

"आहे," अंबरनाथचा पोरगा म्हणाला. "गाळून घ्या. टाक्यात बाटली बुडवू नका, काढायचा डबा गुहेत उजवीकडे ठेवलाय. तुम्ही किती जण?"